समाधानाचा सर्व्हे आणि राखणदाराचं गाऱ्हाणं

"तुम्ही समाधानी आहात का?" असं कुणी मला तोंडावर विचारलं तर मी आधी विचारणाऱ्याला वरपासून खालपर्यंत बघेन. माझा स्वभावच तसा. आणि नेमकं तेच विचारत फिरायचं काम कॉलेजनं माझ्या गळ्यात मारलं. मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणजे आकड्यांशी माझं जमत असणार, असा प्राचार्यांचा समज. मूल्यांकन समिती येणार होती आणि तिला दाखवायला प्राध्यापकांचं समाधान आणि स्वास्थ्य मोजून हवं होतं. मोजून! भोपळा वजनकाट्यावर ठेवावा तसं.

आमचं कॉलेज गोव्यात, पेडण्याच्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर. मी डिचोलीची. रोज सकाळी अस्नोड्यावरून, कोलवाळचा पूल ओलांडून स्कूटरनं येते, त्यामुळे कॉलेजात पोहोचेपर्यंत डोकं आधीच तापलेलं असतं. तरी काम घेतलंच आहे तर नीट करायचं म्हणून प्रश्न मी स्वतः बसून तयार केले. नोकरी सुरक्षित वाटते का, वरिष्ठ ऐकून घेतात का, रात्री झोप लागते का. प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि शेवटी एक मोकळी जागा: आणखी काही सांगायचं आहे का?

स्टाफरूममध्ये उभी राहून मी छातीठोकपणे सांगितलं, "नाव कुठेच विचारलेलं नाही. कुणी काय लिहिलं ते कुणालाही कळणार नाही. तेव्हा खरं लिहा."

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, पेडण्यात?"

सगळे खो खो हसले. मलाही हसू आलं. इथे सकाळी पाववाल्या पोदेराकडून किती उंडे घेतले ते दुपारपर्यंत अख्ख्या वाड्याला ठाऊक असतं.

उत्तरं फोनवरून यायची होती, ती आली. सगळीकडे चार आणि पाच. मोकळ्या जागेत बहुतेकांनी काहीच लिहिलं नव्हतं, एकदोघांनी इंग्रजीत आभार मानले होते. मी चहा पीत खाली खाली सरकत होते आणि एका उत्तरावर थांबले. सगळीकडे एक आणि दोन. मोकळ्या जागेत मराठीत एकच ओळ होती: "मे महिन्यात आम्ही कोण असतो, तेवढं सांगाल का?"

कुणाची ओळ ते वाचताक्षणी कळलं होतं.

मराठी विभागात माणसं दोनच. एक सर, निवृत्तीला आलेले, कायम नोकरीतले. आणि दुसरी त्यांच्याच हाताखाली शिकलेली, जवळच्या तुये गावची मुलगी. मुलगी म्हणायचं, पण लग्न होऊन लेकराची आई झालेली. नवरा तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर जातो. ती आमच्याकडे लेक्चर बेसिसवर. म्हणजे तासाप्रमाणे पगार, एप्रिल संपला की नेमणुकीची ऑर्डर संपली, मे महिन्यात काही नाही, आणि जूनमध्ये आपल्याच खुर्चीसाठी पुन्हा मुलाखत. असं तिचं कित्येक वर्षं चाललेलं. एकदा मे महिन्यात ती लायब्ररीचं पुस्तक परत करायला आली, तर गेटवरच्या माणसानं तिला पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावली. त्याची काही चूक नव्हती, त्याला तसं सांगितलेलं होतं. ती सही करून आत आली आणि मला म्हणाली, "मॅडम, आज मी पावणी." हसत म्हणाली, पण मला ते हसणं बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं; उत्तरं त्यांच्याही संगणकावर दिसत होती. माणूस फोंड्याचा, देवभोळा, बोलायला मऊ. ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते, पण मऊ बोलणाऱ्यापुढे माझं काही चालत नाही.

"मॅडम, एक उत्तर सगळा आकडा खाली ओढतंय. ते काढून टाकूया."

"काढायचं होतं तर विचारलं कशाला, सर?"

"समिती त्यावरच बोट ठेवणार. अख्खं कॉलेज एका माणसासाठी मार खाणार." ते जनेलातून बाहेर बघत बोलत होते. "बरं, राहू दे. कोण आहे तेवढं सांगा."

"नाव नाही त्यात."

"नाव नाही, पण भाषा आहे ना? मराठीत लिहिणारे दोघे. सरांना मे महिन्याचा पगार मिळतो, ते कशाला हे लिहितील?"

"मग तुम्हाला कळलंच आहे. मला का विचारता?"

"तुमच्या तोंडून खात्री झाली की बरं. जूनची मुलाखत माझ्यासमोर आहे, मॅडम. नाखूश माणसाला धरून ठेवणं हे त्या माणसालाही बरं नाही."

इतक्या मऊ आवाजात कुणाची भाकरी काढून घेता येते हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. डोक्यात अशी तिडीक गेली! "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही," एवढं बोलून मी उठले. बाहेर आले. समिती तोंडावर आली होती, आणि ती मुलगी समोरच्या वर्गात फळ्यावर लिहीत होती. तिला सांगू की नको? सांगितलं तर ती त्याच क्षणी खचणार. नाही सांगितलं तर तिला बेसावध ठेवल्यासारखं होणार. मी नाही सांगितलं.

संध्याकाळी मराठीचे सर पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरपाशी येऊन उभे राहिले. त्यांनाही प्राचार्यांनी बोलावलं होतं.

"मी सांगितलं, ती ओळ माझी," सर म्हणाले. "तर हसले. म्हणाले, सर, तुम्ही निवृत्त होताय, आता कुणासाठी खोटं बोलताय?"

"आता हो काय करायचं?"

"बघूया गो बाये," म्हणाले आणि चालू पडले. मला त्यांचाही राग आला. बघूया म्हणजे काय बघूया? इथे पोरीची नोकरी चाललीय!

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. कॉलेजच्या मागे, सडा उतरतो तिथे एक रान आहे आणि रानाच्या तोंडाशी राखणदाराची जागा. राखणदार म्हणजे त्या जागेचा मालक. जमीन कागदावर कुणाच्याही नावे असो. परीक्षा असो, स्नेहसंमेलन असो, नवीन खोली बांधायची असो, आधी त्याला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. पीएचडी झालेले आम्ही सगळे चपला काढून तिथे उभे राहतो. एकानं देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार द्यायचा. गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या सरांचा, कारण त्यांच्या घराण्यात गावच्या देवळातला तो मान पिढ्यान्‌पिढ्यांचा. आणि "व्हय" म्हटलं की शब्द दिला. तो फिरवायची छाती अजून कुणाची झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनीच सगळ्यांना तिथे बोलावलं. हात जोडून सगळ्यांत पुढे ते. ती मुलगी मागे, माझ्या शेजारी. सरांनी नारळ ठेवला, डोळे मिटले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"उद्या भायरचे पावणे येतत, तेंच्या मनात बरी बुद्धी घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" प्राचार्यांचा आवाज सगळ्यांत मोठा.

सर क्षणभर थांबले. मला वाटलं, संपलं.

"आणि जी लेकरां वर्षभर हय शिकवतत, आणि मे महिन्यात घराकडे रिकामी बसतत, तेंका जून महिन्यात परत ह्याच दारात घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खरा बोलली म्हणून जर कोण तेंच्या वाटेत काटो घालीत, तर तो काटो तू काढून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्राचार्यांनीही म्हटलं. सवयीनं, जोडलेल्या हातांनी, तितक्याच मोठ्यानं. म्हणून झालं आणि मग त्यांना कळलं. मला त्यांची पाठच दिसत होती, पण मान खाली गेलेली दिसली. प्रसादाचं खोबरं हातावर पडलं, चपला घालून सगळे मुकाट्यानं वर चढले.

मला तर नाचावंसं वाटत होतं. मी वळून तिच्याकडे बघितलं. ती लालबुंद झाली होती.

"सर," तिनं सरांना वाटेतच गाठलं. "तुम्ही माझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माझ्याकडेच वळून बघितलं. मी प्रश्न विचारला होता. भीक नव्हती मागितली."

सरांचा चेहरा पडला. "बाये, दुसरा काय करतलो होतो मी?" एवढंच म्हणाले. मी मध्ये पडायला गेले तर ती माझ्याकडे वळली, "आणि मॅडम, तुम्ही म्हणाला होता, कुणालाही कळणार नाही."

समिती आली, जेवली, गेली. ते उत्तर काढलं गेलं नाही, आणि कुणी त्यावर बोटही ठेवलं नाही. एवढा सगळा जीव टांगणीला लावला तो कशासाठी, देव जाणे. मे महिना मी घरी नुसतं तडफडत काढला. जूनमध्ये मुलाखती झाल्या. प्राचार्यांनी तिला दोनच प्रश्न विचारले आणि यादीवर सही केली, असं मुलाखतीला बसलेल्या एका बाईंनी मला सांगितलं. सही करताना म्हणाले म्हणे, "माझ्या घरात लहान नातू आहे, मॅडम. देवासमोर व्हय म्हणून बसलोय, मला नको ती भानगड." तिला ऑर्डर मिळाली. पुन्हा एप्रिलपर्यंतची.

सर निवृत्त झाले. दिवाळीनंतर पुन्हा सर्व्हे आला आणि पुन्हा माझ्याच गळ्यात पडला. या वेळी मी स्टाफरूममध्ये उभी राहून काहीएक आश्वासन दिलं नाही. उत्तरं आली. मी एकेक करून सगळी उघडली. एक गुण कुठे नाही, दोन नाही. मोकळी जागा सगळीकडे मोकळीच.

विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझी जीभ कुठली ऐकतेय! कॅन्टीनमध्ये ती मराठीची मुलगी समोर येऊन बसली तेव्हा विचारलंच.

"काय गो, सगळ्याला पाच?"

"सगळ्याला पाच." तिनं पावाचा तुकडा मोडून भाजीत बुडवला.

"आणि झोपेला?"

"झोपेलाही." मग तिनं वर बघितलं. राग नव्हता आता तिच्या डोळ्यांत, आणि तेच मला जास्त लागलं. "मॅडम, एकदा खरं लिहिलं तर देवाला मध्ये यावं लागलं. दर वर्षी देव कुठून आणायचा?"

घंटा झाली, ती तासाला गेली. संध्याकाळी मी अहवाल प्राचार्यांकडे पाठवून दिला. गेल्या वर्षीपेक्षा आमचं समाधान वाढलं होतं.