गंजबाईंचा काळा

गंजबाईंबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षा होती. आपण जिवाभावाचं काहीतरी सांगत असावं आणि शेजारून बाई गायब! मागे वळून बघावं तर या गटाराच्या कडेला वाकून खिळा उचलतायत. तोही चकचकीत नवा असला तर परत टाकून द्यायच्या. गंजलेला हवा. नट, बोल्ट, मोडकी कडी, रिक्षाचा निखळलेला पत्रा, एकदा तर घोड्याचा नाल. वर मेथीची जुडी आणि खाली हा खजिना, अशी पिशवी घेऊन त्या रोडपालीच्या आमच्या सोसायटीत शिरायच्या. नाव त्यांचं चांगलं होतं, पण कुणीतरी एकदा गंजबाई म्हणालं आणि तेच चिकटलं. त्यांनाही ते ठाऊक होतं. "पॉलिश मारलेल्या बायांपेक्षा बरी की," म्हणायच्या आणि स्वतःच खो खो हसायच्या.

या गंजाचं त्या काय करायच्या, हे मला त्यांच्याकडे शिकायला लागल्यावर कळलं. बाई कापडावर ठशांनी छापायच्या, आणि छपाईचा काळा रंग घरी करायच्या. ड्रममध्ये गंजकं लोखंड, गूळ आणि पाणी घालून झाकून ठेवायचं. काही आठवडे ते आंबतं, फसफसतं, मग त्याचं काळसर पाणी होतं. चिंचोक्याची खळ घालून ते दाट करायचं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं असतं, पिवळट, कळकट, कुणी पोतेरं म्हणूनही घेणार नाही असं. त्यावर ठसा मारला की बघता बघता तिथे काळं उमटतं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी बँकेतली चांगली कर्तीसवरती बाई लहान मुलीसारखी टाळ्या पिटायला लागले होते.

तो ड्रम असायचा मागच्या बाल्कनीत. त्याचा वास! विचारू नका. वरच्या मजल्यावरच्या चेअरमनसाहेबांनी तक्रार केली की घरात पाहुणे टिकत नाहीत. बाईंनी त्यांना बोलावून चहा पाजला आणि म्हणाल्या, "पाहुणे टिकत नाहीत ते माझ्यामुळे होय? मग माझे आभार माना." चेअरमन आले तसे गेले. आमचे हे मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, की शनिवारी तू घरी आलीस की मला वाटतं भंगाराचं गोदाम घरात आलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. बँकेत दिवसभर लोकांची तोंडं बघून आलेल्या बाईला तो वास अत्तरासारखा वाटायचा, हे त्यांना काय कळणार?

बाईंचं वर्कशॉप शनिवार-रविवारी असायचं. खारघरच्या, खांदेश्वरच्या बायका यायच्या, क्वचित मुंबईहूनही कुणी यायचं. बाई पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत, त्यामुळे छडी हातात नसली तरी आवाजात होती. कुणी पहिल्याच तासाला ठसा मागितला की म्हणायच्या, "घाई असेल तर पनवेलच्या बाजारात तयार ओढणी मिळते. रिक्षा बाहेर उभी असते." मग त्या बाईला अख्खी सकाळ कापड धुवायला लावायच्या. एक उच्चभ्रू बाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे धुण्याला बाई आहे." "मग तिला पाठवा शिकायला," बाई म्हणाल्या. आणि गंमत म्हणजे ती उच्चभ्रू बाई पुढच्या शनिवारी पुन्हा हजर!

पण खरा जीव काळ्यावर. बाकीचे रंगही त्या शिकवायच्या, लाल, पिवळा, पण सावत्र मुलांना वाढावं तसे. "बाकीचे रंग पाहुणे, काळा घरचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचा काळा होताही तसा. इतर ठिकाणचा काळा त्याच्यापुढे धुतलेल्या शर्टासारखा दिसायचा. त्यांचं कापड बघून एकदा एक दुकानदार म्हणाला होता की हा केमिकलचा आहे, हिरड्या-गुळानं एवढा काळा येतच नाही. बाई महिनाभर त्याच खुशीत होत्या. त्या लोखंड इतरांपेक्षा दुप्पट घालायच्या, पाणी आटू द्यायच्या आणि ठशावर ठसा मारायच्या. आम्हालाही तसंच शिकवलं. त्या गुजरातेत जिथे शिकल्या होत्या, तिथल्या म्हाताऱ्या उस्तादांनी पाणी पातळ ठेवायला सांगितलं होतं म्हणे. "म्हाताऱ्याची नजर गेलेली, त्याला करडाच काळा वाटायचा," असं हसत हसत सांगायच्या.

त्यांची लाडकी शिष्या म्हणजे पनवेलजवळच्या आपटा गावची नंदा. घरची थोडी शेती, नवरा अपघातानंतर घरी बसलेला, दोन मुलं आणि सासू. पहिल्या दिवशी आली ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आमी दहावी नापास हाय. चालल का?" बाई म्हणाल्या, "हिरड्याला मार्कशीट लागत नाही. चपला काढ आणि आत ये." नंदाचा हात असा बसला की आम्ही जुन्याजाणत्या बघत राहिलो. वर्षा-दोन वर्षांत तिनं आपट्याला घराच्या मागे स्वतःचा ड्रम लावला, साड्या छापायला लागली, दोन जावांना हाताशी घेतलं. दुकानांतून तिला मागणी यायची ती काळ्याचीच. बाई तिला शिव्या घालायच्या, चिडवायच्या, आणि ती गेली की मला म्हणायच्या, "ही माझ्या पुढे जाणार. जाऊ दे मेली." डोळे पाणावलेले असायचे.

आणि मग ते स्टोलचं झालं. खूप आधी शिकून गेलेली एक बाई गणपतीनंतर आली, तिनं पिशवीतून तिचा स्टोल काढला. पांढऱ्यावर काळी बुंदी, म्हणजे बारीक ठिपके, छापलेली होती. आता बुंदीच्या जागी भोकं. कापड ठणठणीत, आणि जिथे जिथे काळं तिथे तिथे चाळणी. बाई हसल्या. "झुरळांनी खाल्लं असेल. खळीला सोकावतात मेली." ती बाईही हसली, चहा पिऊन गेली. पण बाईंनी दार लावलं आणि सरळ पलंगाखालची ट्रंक ओढली. मी तिथेच होते.

ट्रंकेत त्यांचं सगळ्यात मोठं काम होतं. भिंतभर कापड, त्यावर खाडी, मिठागरं आणि वर सगळं काळं आभाळ. कितीतरी जणांनी मागितलं, त्यांनी दिलं नव्हतं. त्यांनी ते पलंगावर उलगडलं. आभाळ तपकिरी पडलं होतं. बाईंनी त्यावर बोट ठेवलं, नुसतं ठेवलं, दाबलंही नाही, आणि कापड पापडासारखं तुटलं. मग दुसरीकडे ठेवलं. तिथेही तेच. मी म्हणाले, "बाई, राहू द्या," पण त्या बोट ठेवत राहिल्या. खाली चुरा पडत होता. शेवटी त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "लोखंड कापसाला खातं गं. थोडं असलं तर नाही खात. मी जास्त घातलं. म्हातारा बरोबर होता."

मी आपलं जे कुणीही म्हणेल तेच म्हणाले, की कापड आहे बाई, फाटायचंच. कोण येतंय विचारायला? बाई माझ्यावर अशा उखडल्या की काय सांगू! "कापड झिजून फाटतं. हे आतून जळतंय, आणि आग मी लावलीय. एका कापडाला नाही, माझ्याकडून शिकून गेलेल्या प्रत्येकीच्या हातानं. त्या अजून तसंच करतायत." मग अगदी हळू म्हणाल्या, "बोलले तर संपले मी, माहितेय मला. कोण येणार शिकायला? पण न बोलता कसं काय शिकवू आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या फोन लावत बसल्या. फोनमध्ये जितक्या विद्यार्थिनींचे नंबर होते तितक्या सगळ्यांना. मी बँकेतून आले की शेजारी बसायचे. "मी शिकवलेला काळा चुकीचा होता. कापड कुजेल. लोखंड पातळ करा, आणि विकलं असेल तर सांगून टाका," एवढंच बोलायच्या. कुणी म्हणालं, "अहो, त्याचं पायपुसणं झालं कधीच!" आणि बाईच हसल्या. कुणी चिडलं. एकीनं लेकीच्या लग्नात व्याह्यांना त्याच कापडाचे बटवे दिले होते. ती फोनवर असं काही बोलली की बाईंनी फोन कानापासून लांब धरला, पण ठेवला नाही, संपेपर्यंत ऐकलं. ज्या हॉलमध्ये त्यांचं पुढचं वर्कशॉप व्हायचं होतं, तिथल्या लोकांनी गोड बोलून ते पुढे ढकललं. बातमी पसरायला काय लागतं? पुढचे शनिवार-रविवार रिकामे जायला लागले.

सगळ्यांना फोन झाले, नंदाला नाही झाला. तिचं नाव आलं की बाई पाणी प्यायला उठायच्या. शेवटी एक दिवस म्हणाल्या, "हिला फोनवर नाही सांगता येणार. चल." आम्ही पनवेल स्टँडवरून एसटीनं आपट्याला गेलो. नंदाच्या घरी ओटीवर साड्यांची चळत लागली होती. सगळ्या काळ्या, सगळ्या सुंदर. दिवाळीसाठी दुकानाची ऑर्डर होती, एवढी मोठी तिला पहिल्यांदाच मिळाली होती. आम्हाला बघून पोरगी हरखली. "बाई, बगा ना, तुमचाच काळा हाय. तुमच्यापेक्षा पन चढलाय जरा!"

बाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. नंदाला आधी कळलंच नाही. मग तिनं एका साडीचा पदर हातात घेतला, ताणून बघितला. चांगला घट्ट होता.

"ही तर नाय फाटत."

"आज नाही फाटणार. चार-पाच वर्षांनी फाटेल."

"मंग चार-पाच वर्सांनी कोन येतंय?"

"कुणी नाही येणार," बाई म्हणाल्या.

नंदानं पदर चळतीवर टाकला. मग एकदम तिचा आवाज चढला. "तुमी सांगितलं तसं केलं आमी. एक खिळा कमी घातला नाय. आता सांगताय? गप बसल्या असत्या तर मला कललंच नसतं. माझा माल गेला असता, पोरांची फी गेली असती. आता कललं. आता मी काय करू, ते सांगा!"

बाईंचा चेहरा मी कधीही विसरणार नाही. म्हणाल्या, "ते मी नाही सांगणार, नंदा. माझं ऐकून एकदा फसलीस."

नंदा आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. सासूनं आमच्यासाठी कोरा चहा आणला, म्हणाली, "घ्या बाई, चहा न घेता जाव नका." आम्ही घेतला. नंदा काही बाहेर आली नाही. परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या आणि मला वाटलं झोपल्या, पण त्या रडत होत्या. आवाज न करता. मी हात धरला तर सोडवून घेतला.

नंदानं माल पाठवला. मला तिनंच फोन करून सांगितलं, "पाठवला मी. दोन पोरं हायत मला. बाईंना सांगू नका." मी नाही सांगितलं. पण बाईंनी मला विचारलंसुद्धा नाही, यावरून मी काय ते समजले. त्याच थंडीत त्यांनी ड्रम रिकामा करून भंगारवाल्याला दिला, सगळे ठसे एका पोत्यात भरून मला म्हणाल्या, "हे आपट्याला पोचव. काही बोलू नको." आणि त्या बहिणीकडे कोल्हापूरला राहायला गेल्या. फोनवर आमच्या यांची तब्येत विचारायच्या, सोसायटीच्या भानगडी विचारायच्या, चेअरमन मेला की आहे तेही विचारायच्या. एकदाच, ठेवता ठेवता, म्हणाल्या, "विकला ना तिनं?" मी हो म्हणाले. "मीही विकला असता," बाई म्हणाल्या, "तिच्या जागी असते तर. तिला दोष नको देऊस. पण रोज वाटतं गं, कुणाच्या तरी कपाटात ते जळतंय." पुढच्या वर्षी त्या गेल्या. झोपेत गेल्या, बहीण म्हणाली. मला अजूनही खरं वाटत नाही की त्यांना झोप लागत होती.

नंदा गेली ना कोल्हापूरला, बाईंच्या दहाव्याला! मला न सांगता, एकटी. तिथे काय केलं, काय बोलली, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता तीच वर्कशॉप घेते, आपट्याला, घराच्या मागच्या पडवीत. परवा मी गेले होते. शहरातल्या सात-आठ मुली होत्या, हात चिकट, केस विस्कटलेले. सगळ्यांच्या कापडावर करडा रंग उमटला होता, पावसाळी ढगाचा असतो तसा. एक चुणचुणीत मुलगी ठसा हातात घेऊन म्हणाली, "ताई, मी तुमची जुनी साडी बघितलीय एका प्रदर्शनात. केवढा काळा होता तो! तसा नाही होत का?"

"व्हतो," नंदा म्हणाली.

"तुम्हाला येतो करायला?"

"मला येतो. माज्यासारखा कुनाला येत नाय."

"मग शिकवा ना!"

नंदानं तिच्या हातातला ठसा घेतला, पुसला, परत तिच्या हातात दिला. "तो मी शिकवनार नाय," ती म्हणाली. "धू आता कापड."