तारेत ओवलेले व्हॉल्व

गोव्यात डिचोलीजवळच्या सर्वण गावात रस्त्याला लागून सगुण मेस्ताचं गाराज आहे. इकडे मेकॅनिकला मेस्ता म्हणतात. गाराज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि मागच्या भिंतीत एक मोठा खिळा. त्या खिळ्याला जाडसर तार लोंबते आणि तारेत लिंबाएवढे पितळी व्हॉल्व ओवलेले आहेत, शंभराच्या वर. थर्मोस्टॅट म्हणतात त्याला. इंजिन गार असलं की हा व्हॉल्व पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि तापलं की वाट मोकळी करतो. थंड मुलखातल्या गाडीला तो हवाच. पण खाणीवरच्या टिपरांच्या रांगेत, एप्रिलच्या उन्हात, सगुणने त्याच्यावर कधी दयामाया केली नाही. गाडी तापली की पहिला हात व्हॉल्ववर. "गोंयात थंडी खंय आसा?" म्हणायचा, व्हॉल्व उपटायचा आणि तारेत ओवायचा. दुसऱ्या दिवशी टिपर बिनतक्रार धावायचा आणि ड्रायव्हर मंडळी त्याला मिरची-भजी खायला घालायची. पुढे खाणी बंद पडल्या, टिपर गंजून भंगारात गेले. तार तेवढी राहिली.

सगुण आता त्रेसष्टचा आहे. गुडघे असे, की गाडीखाली जायला एक माणूस लागतो आणि बाहेर यायला दोन. नव्या गाड्या त्याला आवडत नाहीत. बॉनेट उघडलं की सगळीकडे वायरी आणि प्लास्टिक, हात घालायला जागा नाही. बायको भाग्यलक्ष्मी रोज सकाळी उंडा पाव आणि चहा पुढे ठेवताना एकच पालुपद लावते, "आता पुरे." त्यालाही पुरे वाटतं. पण घरी बसून करायचं काय, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

जानेवारीत चंद्रावतीबायची पिकअप तिसऱ्यांदा त्याच्या दारात आली तेव्हा तो इतका दमलेला होता की आधी उठलाच नाही.

चंद्रावतीबायचं डिचोलीच्या बाजारात भाजीचं दुकान. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं वाढवलं आणि तीन वर्षांपूर्वी डिझेलवरची नवी पिकअप घेतली. गाडी पहाटे पाचला रिकामी निघते, चोर्ला घाट चढून वरच्या गावांतून भाजी भरते आणि दहाच्या आत बाजारात उतरवते. चालवतो नारायण. तो दोडामार्गकडचा, पूर्वी खाणीवर टिपर चालवायचा, तेव्हापासून सगुणच्या ओळखीचा. बोलणं कमी, काम चोख.

"मेस्ता, ही तिसरी खेप," चंद्रावतीबाय म्हणाली. "घाटार गाडी चडना. काल सायकलवालो आमच्या फुडें गेलो. आनी डिझेल पिता तें वेगळेंच."

पहिल्या दोन खेपांत सगुणने जे करायचं ते केलं होतं. डिझेलचा फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर बदलला. म्हापशाहून प्रथमेश नावाचा कॉम्प्युटरवाला बोलावला. त्यानं वायर जोडली आणि सांगितलं की सायलेन्सरमधली काजळीची गाळणी भरली आहे, म्हणून इंजिन स्वतःला वाचवायला जोर कमी करतंय. त्यानं कॉम्प्युटरवरून ती काजळी जाळून दिली. आठ दिवस गाडी हरणासारखी पळाली, नवव्या दिवशी पुन्हा रडगाणं.

गाळणी का भरते, याला प्रथमेशच्या कॉम्प्युटरात उत्तर नव्हतं. सगुणकडेही नव्हतं. आणि ज्या मेस्ताला उत्तर सापडत नाही तो जे बोलतो, तेच सगुण दुसऱ्या खेपेला बोलून गेला होता, "डिझेल बरें ना दिसता."

बोलून तो विसरला. चंद्रावतीबाय विसरली नाही. डिझेल जास्त लागतं, डिझेल बरं नाही, आणि टाकीची चावी नारायणकडे. तिनं दोन आणि दोन चार केले. नारायण डिझेल काढून विकतो आणि वर रॉकेल ओततो, असा तिनं निकाल लावला आणि भर बाजारात, दहा माणसांसमोर, त्याला ऐकवला. रविवारी चावी ठेवून जायचं. नवा ड्रायव्हर बघून ठेवला होता.

हे सगुणला आज कळलं. नारायण मागे पिकअपला टेकून उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

"फाल्यां हांव घाटार येतां," सगुण म्हणाला. "बसून पळयतां."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पहाटे तो केबिनमध्ये बसला. गोव्यात थंडी म्हणजे काजूला मोहर येण्यापुरती, असं तो आजवर म्हणत आला होता. पण केरी गाव सोडून गाडी घाटाला लागली आणि धुकं काचेला येऊन चिकटलं, तेव्हा त्याचे गुडघे ठणकायला लागले. कानटोपी, वर मफलर, तरी काही उपयोग नाही. गाडीही त्याच्यासारखीच चालली होती. तिसऱ्या गियरमध्ये दमून दुसऱ्यात, दुसऱ्यात धापा टाकत. मागून आलेली बस भोंगा वाजवून पुढे गेली.

"मेस्तांनू," नारायण रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "सव्वीस वर्सां गाडी चालवतंय. कोणाच्या टाकीक हात लावूक नाय."

सगुण गुडघे चोळत राहिला.

"पाय दुखतत? हीटर लावा मगे. ह्या गाडयेक आसा हीटर."

गोव्यात गाडीचा हीटर कोण लावतो? बटणावरचं कारखान्यातलं प्लास्टिक तीन वर्षांत निघालं नव्हतं. नारायणने ते नखानं सोललं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. वारा सुटला. सगुणने पाय पुढे केले.

वारा गार होता.

तो वाट बघत राहिला. दोन वळणं गेली, चार गेली. वारा गारच. हीटरला ऊब मिळते ती इंजिनच्या तापलेल्या पाण्याची. मग त्यानं समोरच्या काट्याकडे पाहिलं. इंजिनच्या तापमानाचा काटा तळाला पडून होता. सर्वणहून निघून तास उलटून गेला होता, घाट चढून होत आला होता, आणि इंजिन अजून ऊब धरत नव्हतं.

सगुणला सगळं एकदम उलगडलं, आणि उलगडल्याचं वाईट वाटलं. इंजिन तापत नाही. तापत नाही म्हणून ते डिझेल जास्त ओढतं आणि काजळी जास्त सोडतं. ती काजळी जाळायला इंजिन तापायला हवं, तेच होत नाही. गाळणी भरते, जोर जातो. का तापत नाही? कारण पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतंय. का फिरतंय? कारण अडवायला व्हॉल्वच नाही. मे महिन्यात कोरगावहून काजूबिया भरून येताना ही गाडी तापली होती. व्हॉल्व अडकला होता. तिथं नवा घालायला हवा होता. सगुणने तो उपटला, तारेत ओवला, आणि वर हसून म्हणाला होता, "गोंयात थंडी खंय आसा?" उन्हाळा निघाला, पावसाळा निघाला, कुणाला काही कळलं नाही. थंडी पडली आणि पितळ उघडं पडलं.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोरानंच संन्याशाकडे बोट दाखवलं होतं.

घाटमाथ्यावर भाजी भरेपर्यंत दोघे टपरीवर चहा प्यायले. सगुणला मनात एक सोपी वाट दिसत होती आणि ती त्याला सारखी बोलावत होती. गाराजात जायचं, गुपचूप नवा व्हॉल्व घालायचा, 'पाइप चोंदला होता' म्हणायचं. गाडी पळायला लागेल. चाळीस वर्षांचं नाव राहील. नारायणचं काय? गाडी नीट झाली की आपोआप निभेल. पण ते निभणार नव्हतं. रविवारी नारायण जाणार, सोमवारी गाडी धावणार, आणि चंद्रावतीबाय सगळ्या बाजाराला सांगणार की चोर गेला आणि गाडी सुधारली. हे सगुणला पक्कं ठाऊक होतं. या वयात लोकांसमोर उभं राहून आपली चूक सांगायची, या विचारानंच त्याला गुडघ्यांनी कधी आणला नव्हता एवढा थकवा आला.

पावणेदहाला गाडी डिचोलीच्या बाजारात लागली. चंद्रावतीबाय गिऱ्हाइकाला तांबडी भाजी तोलत होती. सगुण खाली उतरला, दाराला धरून जरा सरळ झाला आणि दुकानापर्यंत गेला.

"बाये, डिझेलाचो कांय दोस ना," तो म्हणाला. आवाज मुद्दामच चढा काढला, शेजारच्या केळीवाल्यापर्यंत जाईल एवढा. "नारायणाचोय ना. मे म्हयन्यात हांवें गाडयेचो व्हॉल्व काडून उडयलो. इंजीन थंड रावता, म्हणून डिझेल पिता, म्हणून चडना. चूक म्हजी."

तराजू थांबला.

"तुमीच म्हणलां नी, डिझेल बरें ना म्हणून?"

"म्हणलां. तीय म्हजीच चूक."

चंद्रावतीबायने आधी भाजी बांधून दिली. मग पिकअपजवळ पोती उतरवणाऱ्या नारायणकडे पाहिलं. माफी मागायची तिला सवय नव्हती. "नारायणा," तिनं तिथूनच हाक मारली, तीही दहा माणसांना ऐकू जाईल अशी, "सोमारा पांचांक येय. रोजचे भाशेन." आणि सगुणकडे वळून म्हणाली, "गाडी आज नीट करून दी, मेस्ता. फुडें हांव म्हापशाक धाडटलें."

केळीवाला हसला. दुपारपर्यंत ही गोष्ट पार साखळी गावापर्यंत पोचणार हे सगुणला कळत होतं. त्याला लाज वाटली, आणि ती लपवायची ताकदही त्याच्यात उरली नव्हती.

नवा व्हॉल्व म्हापशाहून आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सगुणने बॉनेट उघडलं. आतल्या सांदीत उजेड पोचत नाही, म्हणून नारायण बॅटरी धरून उभा राहिला. जुन्या व्हॉल्वची जागा रिकामी होती, आत नुसता गंजाचा थर. सगुण तो खरवडू लागला.

"मे म्हयन्यात तुमी तो काढल्यात, तेव्हाय बॅटरी मीच धरलेली," नारायण म्हणाला.

सगुणचा हात थांबला.

"म्हणजे तुका घाटारच कळलें?"

"हीटर थंड लागलो तेव्हाच."

"मागीर थंयच कित्याक सांगलें ना?"

नारायणने बॅटरी या हातातून त्या हातात घेतली. "मी सांगलेलां कोण मानतलो, मेस्तांनू? लोक म्हणतले, चोर सांगता मेस्तानच गाडी बिघडवल्यान. तुमी सांगतास काय, ता बघी होतंय." आणि पुढे म्हणाला, "आयतवारी चावी ठेवूक अजून दोन दीस होते."

सगुणने व्हॉल्व जागेवर ठेवला, झाकण लावलं आणि बोल्ट चाचपू लागला. तो त्याला सापडेना.

"बॅटरी बरी धर रे," तो म्हणाला. "दिसना."

नारायणने बॅटरी मघापासून बरोबरच धरली होती.