मास्तरांची शिट्टी

नगरात आमच्या बँडच्या मास्तरांना बोलताना टाच आपटून ताल धरायची खोड होती. बँड त्यांचा, पण चाल बदलायची शिट्टी ते दर वरातीला नव्या माणसाच्या गळ्यात घालायचे. "उद्या तुमी सोताचा बँड काढाल, तवा कुनाच्या तोंडाकडं बघाल?"

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी केडगावच्या वरातीत शिट्टी ढोलवाल्याकडं होती. आदल्या दिवशी आम्ही एका मयतीला वाजवलं होतं. घाबरलेल्या गड्यानं नवरदेवापुढं तीच संथ चाल धरली. माझे ओठ ट्रंपेटवरच थिजले. मास्तरांनी मात्र क्लॅरोनेट उचललं आणि मन लावून मयतीची चाल वाजवायला लागले. मग आम्हीही. नवऱ्याचा मामा काठी घेऊन धावला. मास्तर ढोलवाल्याच्या पुढं आडवे उभे राहिले. काठी त्यांच्या खांद्यावर बसली, तरी वाजवणं थांबलं नाही. तेव्हा कुठं ढोलवाल्याला आपली चूक उमगली. त्यानं शिट्टी फुंकून चाल बदलली.

परतताना मी चिडून म्हणालो, "तुम्ही एका सुरात सावरलं असतं की!"

"व्हय. मग फुडच्या वरातीतबी त्यानं माझ्याकडंच बघितलं असतं."

दुखरा खांदा चोळत त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली.