इंद्रायणीवरचा माझा पूल

इंद्रायणीवर मी एकदा पूल बांधला होता. सिमेंट लागलं नाही, पेन्सिल आणि पट्टी पुरली. त्या पुलापायी नणंदेचं लग्न मोडायची वेळ आली.

तेव्हा मी नवी नवरी, पुण्यातल्या पेठेतून चिंचवडच्या कंपनी कॉलनीत आलेली. भूगोल घेऊन बी.ए. झालेली, आणि हे कुणी विचारायच्या आत सांगणारी. माहेरहून एक नकाशा आणला होता. वडिलांना जुन्या बाजारात मिळालेली, कुठल्याशा प्राचीन युरोपी नकाशाची छापील प्रत. त्यात हिंदुस्थान फसलेल्या भाकरीसारखा पसरट, आणि लंका त्याच्याहून मोठी. नकाशावाल्याची माहिती जिथे संपली तिथे त्याने हत्ती उभा केलेला. समुद्र रिकामा दिसला तिथे गलबताएवढा मासा. मी तो बाहेरच्या खोलीत लावला आणि चहाला येईल त्याला ऐकवायची, "घर सोडलं नाही आणि निघाले जग काढायला. माहीत नाही तर कोरं ठेवावं की नाही?" शिफ्टवरून दमून आलेली माणसं मान डोलवायची आणि बिस्किट उचलायची.

अशात नणंदेला बघायला चाकणपलीकडच्या गावाहून पाहुणे येणार असं ठरलं. आधीची दोन स्थळं तिच्या उंचीवरून परत गेलेली, त्यामुळे सासूबाईंचा जीव टांगणीला. त्यात नणंदेने या मुलाला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती भाजीत मीठ दोनदा घालत होती.

"मोशी-भोसरीवरनं येतील की. समदे तसंच येत्यात," सासूबाई म्हणाल्या.

"एवढा वळसा कशाला?" म्हणत मी जिल्ह्याच्या नकाशावर पट्टी ठेवली. चाकण ते चिंचवड, सरळ रेघ. मध्ये इंद्रायणी आडवी आली. रस्ता आहे म्हणजे पूल असणारच, म्हणून पूल काढला. रस्ता तरी कुठे होता? तोही मीच काढलेला. चाकण मी जन्मात पाहिलं नव्हतं. वर उत्तरेचा बाण, खाली प्रमाण, आणि कागद मध्यस्थांच्या हाती धाडला. एवढा ऐटदार बाण बघून पाहुणे फसले, त्यांची काय चूक?

सकाळी यायचे ते दिवस कलल्यावर आले. बैलगाडीतून, कडब्यावर बसून. भाड्याची जीप नदीच्या पल्याड अडकलेली. पाणी तुडवून अल्याड आल्यावर एका शेतकऱ्याने गाडीत घेतलेलं. मुलाच्या आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, मुलाच्या हातात चपला. पोह्यांचा तोवर चिवडा झालेला.

"त्यो पूल कुनी काढला?" मुलाच्या आईने दारातच विचारलं.

सगळ्या घराने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या माशाकडे पाहिलं.

आणि मान खाली घालून बसायला सांगितलेली नणंद हसली. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. हेही स्थळ गेलं. मग मुलाने हातातल्या चपलांकडे पाहिलं, आणि तोही हसायला लागला. त्याची आई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. शेवटी म्हणाली, "आधी एक कोरडं लुगडं द्या."

जाताना सासूबाईंचं लुगडं नेसूनच मुलाची आई माझ्यापाशी थांबली.

"बाई, पोरगी पसंत हाय आमाला. लग्नाची पत्रिका धाडा, पर संगं नकाशा नगं. वऱ्हाडात म्हातारी मानसं हायत, त्यास्नी पवता येत न्हाई."