डबीला लावलेला लेप

आता हसायचंच आहे तर पोटभर हसा, चहा तेवढा सांडू नका. ही गोष्ट आमच्या घरात अजून निघते, आणि निघाली की मी गपचूप चष्मा पुसत बसतो.

घाटनांदूरकडच्या एका गुऱ्हाळावर मी आयुष्यभर जाळ घातला. उसाची वाळली चिपाडं चुलवाणात टाकायची, वर काहिलीत रस उकळतो. शाळा माझी चौथीपर्यंत. पण जाळ मला कळतो.

नात शीतल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं आमचं चुलवाण कॉम्प्युटरात उभं केलं.

"आबा, दिसतो तेवढाच जाळ तापत न्हाई. जळून निघालेला वायू डोळ्याला दिसत न्हाई, पण त्योबी ताप फेकतो. त्यो किती, हे मी गणितानं काढणार."

"अन् तुझ्या कॉम्प्युटरात चिपाड कोण टाकतं?"

"मीच."

"मग जपून टाक. घाई केली की लई धूर होतो."

गणित खरं का खोटं हे बघायला तिनं कॉलेजातून वायर लावलेली एक डबी आणली. चुलवाणाच्या भिंतीतल्या भोकात ती ठेवली की ताप मोजायची. तिथं धग फार, म्हणून ठेवायचं-काढायचं काम मी मागून घेतलं. शीतल लांब लिंबाखाली लॅपटॉप घेऊन बसायची.

डबी हातात घेतली आणि जीव कळवळला. इतकी चकचकीत वस्तू, तीही कॉलेजची, काळी होणार. तुम्हीच सांगा, चुलीवर पातेलं ठेवायच्या आधी बुडाला काय लावतात? ओली माती आणि राख. मीही लावली. संध्याकाळी डबी घासून-पुसून, होती तशी तिच्या हातात. सांगायचं डोक्यातच आलं नाही. घासलेलं भांडं कोणी सांगून देतं का?

चौथ्या दिवशी पोरगी जेवेना.

"काय झालं, माय?"

"गणितात येतंय त्याच्या निम्माबी ताप डबी दाखवत न्हाई, आबा. आठ दिवसांनी प्रोजेक्ट दाखवायचा. जमलं न्हाई तर वर्ष गेलं."

तिनं गणितातला वायू कमी केला, काजळी कमी केली, रात्र रात्र जागली. मला वाटलं, डबीला धग सोसत नसणार. दुसऱ्या दिवशी लेप जाड केला.

ताप आणखी उतरला.

शेवटी तिचे सर स्वतः आले. शांत माणूस. चुलवाणापाशी उभे राहून म्हणाले, "बाबा, डबी आहे तशी बाहेर काढा."

मी चिमट्यानं काढली. सरांनी ती फिरवून फिरवून पाहिली. शेणाच्या गोवरीला वायर फुटल्यासारखी दिसत होती.

"हे काय आहे?"

"लेप हाय, साहेब. दोन बोटं. आधी एकच बोट होता, पोरगी रडाय लागली म्हणून वाढवला."

शीतलनं माझ्याकडं पाहिलं. आता ही रडणार, असं वाटलं. ती चिपाडाच्या ढिगावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. लेप खरवडून डबी परत भोकात ठेवली, तर तिचं पहिलं गणित बहुतेक बरोबर निघालं. वायू बिचारा खरंच तेवढा ताप फेकत होता.

पोरगी पास झाली. कॉलेजात तिनं शेतकऱ्यांना कळावा म्हणून मराठीत तक्ता लावला. तो बघायला गेलो तेव्हा चष्मा मी घरी विसरलो होतो, तरी ठळक अक्षरातलं माझं नाव दिसलंच. ऊर भरून आला. रस आटवून गूळ करणारा आमचा गुळव्या बाबुराव सोबत होता, त्याला हाताला धरून ओढत आणलं.

"बघ. नातीनं आबाचं नाव छापलंय."

बाबुरावनं सावकाश वाचलं. "नाव हाय खरं. पर वरली ओळ वाचलीस का बे?"

"काय हाय?"

"मोजमाप चुकण्याची कारणं. एक, आबा."

"अन् दोन?"

"दोन न्हाई. एकच हाय."