वडाला टांगलेली वार

शिरगावातल्या आमच्या भागात दौलतरावांना ‘मूळ मालक’ म्हणतात. म्हणजे ज्याला कुणी काही विचारत नाही तो माणूस. जमीन त्यांची होती, आता तिच्यावर सात मजले आहेत. त्यातले दोन फ्लॅट त्यांचे. एकात मुलगा सुजित राहतो, दुसरा भाड्याने दिलाय, आणि दौलतराव बायकोला, राजाबाईंना घेऊन मागच्या भिंतीपलीकडे, उरलेल्या तुकड्यावर, दोन म्हशींशेजारी पत्र्याच्या खोलीत. लिफ्टमध्ये जीव घुसमटतो, असं ते सांगतात. राजाबाईंचं कारण वेगळं. “सुजितची वार पुरली व्हती तिथंच लिफ्टचा खड्डा खणला मेल्यांनी. वर-खाली जाताना मला कसंतरीच होतं.”

ज्यांचं सगळं हॉस्पिटलात झालं त्यांच्यासाठी सांगते. पोटात असताना बाळाला नाळेतून खायला घालते ती वार. बाळामागून पडते. बाईची घराजवळ पुरायचे. म्हशीची मात्र पोत्यात बांधून चिकाच्या झाडाला टांगायची. चीक म्हणजे झाडाचं दूध, तर म्हशीलाही दूध, असा हिशेब. यासाठी दौलतरावांचा वड होता, आता सोसायटीच्या गेटजवळ आलेला. विहीर, खळं, बांध सगळं देताना बिल्डरकडे त्यांनी एवढंच मागितलं होतं, की वड उभा राहू दे. बिल्डर म्हणाला, राहील ना काका. कागदावर काही नाही. मला विचारलं असतं तर लिहून घेतल्याशिवाय मी त्याला गेटबाहेर सोडला नसता. पण आम्हाला आठवतात ते सगळं झाल्यावर.

माझं अर्धं आयुष्य अंधश्रद्धेविरुद्ध भांडण्यात गेलं. दौलतरावांना मी तोंडावर सांगितलंय की हा मूर्खपणा आहे. ते म्हणतात, “ताई, तुमच्या चहाला दूध कुठलं?” त्यांच्याकडचंच असतं.

मागच्या वर्षी म्हैस व्याली आणि पोत्यातून दोन थेंब अभिजीतच्या नव्या पांढऱ्या गाडीवर पडले. अभिजीत सोसायटीचा सेक्रेटरी, अंबरनाथला केमिकल कंपनीत ऑफिसर. त्याला आधी वाटलं पोत्यात मूल आहे, मग वाटलं करणी आहे. पहिला फोन पोलिसांना, दुसरा मला. दुसरा! हे मी लक्षात ठेवलंय.

मी पोचले तेव्हा अर्धी सोसायटी खाली होती, नाकाला रुमाल आणि हातात मोबाईल. हवालदार म्हणाला, उघडा. दौलतरावांनी कोयत्याने सुतळी तोडली आणि फरशीवर वार पसरून दाखवली. हवालदाराने सुस्कारा सोडला. “ही होय! आमच्या गावीपण टांगतात,” म्हणून तो चहाला गेला. बाकीचे मागे सरले. पुढे आली ती एकटी हिमानी, अभिजीतची बायको, सातवा महिना लागलेला.

“काका, ही फुलांसारखी काय आहेत?”

“ती बटनं. म्हशीच्या पिशवीला आतून गाठी असतात, त्यांच्यात ही बसतात. म्हणून वार वढायची नाय. काय लोक इटा बांधतात तिला! फाटून आत र्‍हाते, म्हस जाते. सुटंल तवा सुटंल.”

“माझीपण अशीच असेल?”

“आता बायांचं मी काय सांगू,” म्हणत त्यांनी माझ्याकडे बघितलं.

शाळा मी सातवीत सोडली. पण उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये रद्दीवाल्याकडून कॉलेजची पुस्तकं किलोवर आणून वाचलीत, आणि ती विकत घेऊन न वाचणारे पुष्कळ बघितलेत. म्हटलं, “नाही गं. म्हशीची ठिकठिकाणी टाचलेली असते. घोडीची अस्तरासारखी सगळीकडे पसरलेली. कुत्रीची पिल्लाभोवती पट्ट्यासारखी. बाईची एकच, गोल, भाकरीसारखी. गर्भ रुजला की त्याच्या बाहेरच्या आवरणाला बारीक मुळं फुटतात आणि आईच्या पिशवीच्या अस्तरात शिरतात. थोडं बाळाचं, थोडं आईचं, दोघांनी मिळून केलेली वार. आणि रक्तात रक्त मिसळत नाही हां. मध्ये पडदा. शेजाऱ्यांसारखं, वाटी इकडून तिकडे जाते, घरं वेगळीच.”

राजाबाई भिंतीला टेकून मटार सोलत होत्या. त्यांच्या सुपातली शेंग घेऊन मी उघडली. “झाडांनाही असते. हे दाणे बघ, शिवणीला बारीक देठाने लटकलेत. ती शिवण म्हणजे मटाराची वार. मराठी पुस्तकात तिला बीजांडासन म्हणतात, इंग्रजीत मात्र बाई, म्हैस, मटार सगळ्यांना एकच प्लॅसेंटा. पपईत बिया आतून भिंतीला, टोमॅटोत मधल्या गाभ्याला. मिरचीत तो पांढरा भाग असतो ना, तो. मिरचीचा तिखटपणा त्यातच असतो, बियांत नाही.”

“म्हंजी मिरचीपण आयशीवरच गेली,” राजाबाई म्हणाल्या. हिमानी हसली.

अभिजीत नाही हसला. “मॅडम, अंधश्रद्धा थांबवायला बोलावलं तुम्हाला, क्लास घ्यायला नाही. आम्ही बाळाच्या नाळेतलं रक्त ते साठवणाऱ्या कंपनीच्या फ्रीजरमध्ये ठेवणार आहोत. याला सायंटिफिक म्हणतात.”

“कशाला ठेवता?” दौलतरावांनी विचारलं.

“पुढे कामाला येऊ शकतं.”

“मी तरी काय येगळं बोलतो?”

या उत्तराची शिक्षा वडाला झाली. मीटिंगमध्ये ठराव आला: मुळं भिंत फोडतात, पक्षी गाड्या घाण करतात, झाड काढावं. परवानगीही निघाली, कशी ते मला विचारू नका, विचारलंत तर सांगेन. मी पालिकेत हरकतीचा अर्ज दिला. त्यावर पोचचा शिक्का मिळाला. झाड तोडणारे आले. मुकादमाने वर दौलतरावांनी पुन्हा बांधून टांगलेलं पोतं बघितलं आणि चपला काढल्या. “साहेब, हे कुणीतरी सोडवा, मग कापतो.” सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एवढे इंजिनियर, एकाचाही हात वर गेला नाही. कटर परत टेम्पोत गेला.

दौलतराव खुर्चीवर बसून बघत होते. आठवड्याने वडावर आणखी तीन पोती लटकली. एकही म्हैस व्याली नव्हती. मी एक खाली ओढून उघडलं तर आत पेंढा आणि सुजितची जुनी जीन्स.

माझी सटकलीच. “दौलतराव, अहो हा भोंदूंचा धंदा! लोकांच्या भीतीवर जगायचं?”

“मी कुठं जगतो? वड जगतो.”

“मी अर्ज केलाय ना!”

“त्यो टांगा की मग. आनखी एक पोतं व्हईल.”

 मला जास्तच राग आला, आणि मी घरी निघून गेले.

मग हिमानीला मुलगी झाली. अंगावर दूध पुरेसं येईना. डॉक्टर म्हणाले, सारखी पाजत राहा, येईल. पण अभिजीतची आई कुमुदिनीबाई, दोन विषयांत एम. ए., संध्याकाळी गुपचूप भिंतीपलीकडे आल्या. राजाबाईंनी मला सगळं ऐकवलं. “हॉस्पिटलने वार कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली, नाळेतलं रक्त कंपनीवाला घेऊन गेला. आमच्या हातात काही उरलंच नाही हो. तुम्ही काहीतरी टांगा ना.” दौलतरावांनी बाळाचं झबलं मागून घेतलं आणि टांगलं. दूध आलं. पाजत राहिल्यावर येतंच, डॉक्टर आधीच बोलले होते. पण श्रेय गेलं झबल्याला.

पुढच्या मीटिंगमध्ये अभिजीतनेच ठराव मागे घेतला. झाड ही आपली आस्था आहे म्हणाला. वर्गणी निघाली. वडाला पार आला, पाराला ग्रॅनाइट, भोवती स्टीलची जाळी, दिव्यांची माळ. दौलतरावांची पोती उतरवली, आणि बोर्ड लागला: ‘पवित्र वृक्ष. येथे पोती, पिशव्या टांगू नयेत. आज्ञेवरून, सचिव.’

गेल्या महिन्यात म्हैस व्याली. दौलतराव पोतं घेऊन गेटवर आले, मी सोबत. वॉचमन आडवा झाला. “काका, सेक्रेटरी साब ने मना किया है.” मी आवाज चढवला. वरच्या बाल्कनीतून कुमुदिनीबाई म्हणाल्या, “दौलतराव, पवित्र झाड आहे ते! रक्ताचं काही नको हो तिथं!”

मी बोर्डाला हात घातला. उखडलाच असता.

“सोडा ताई,” दौलतराव म्हणाले. ते जाळीतून आत बघत होते. पारंब्यांची टोकं कुणीतरी सारखी कापली होती, केस कापल्यासारखी. “वड उभा हाय ना? मंग झालं.”

“झालं काय? तुमचा वड!”

“माझा कुठं ऱ्हायला? त्यांचा झाला म्हनून तं ऱ्हायला.” ते वळले. “खरवईच्या वढ्यावर उंबर हाय. त्यालापन चीक असतो. बसा मागं.”

त्यांनी स्कूटरला किक मारली. मी मागे बसले आणि पोतं मांडीवर घेतलं. ते अजून गरम होतं. वळणावर दौलतराव मान न वळवता म्हणाले, “सांभाळा हां, सुतळी कच्ची हाय.” मी दोन्ही हातांनी धरलं.