शेवटची नीट कधी दिसली?

शेजारच्या खोलीतल्या मालवणी बाईंशी आमचा दोन वर्षं अबोला होता. कारण विचाराल तर चपलांचं कपाट. ते त्यांनी गॅलरीत आमच्या बाजूला चार बोटं सरकवलं, असं माझं म्हणणं. नोकरीभर नकाशे काढण्यात गेलेला माणूस मी, पट्टी घेऊन मोजून दाखवलं. बाईंनी पट्टीच खोटी ठरवली. तेव्हापासून चाळीच्या ग्रुपवर त्यांचं ‘सुप्रभात’ आलं की मी न बघता पुढे सरकायचो. माझी बायको मात्र हा अबोला रोज सकाळी नळावर मोडायची, भांडण्यापुरता. आमच्या लालबागच्या चाळीत पिण्याचं पाणी मजल्यावरच्या सामाईक नळाला येतं, तेही साधारण साडेपाच ते सव्वासहा. ही पाणी भरते, परत येऊन तासभर आडवी होते आणि मग उठून चहा टाकते. या सगळ्या वेळात मी घोरत असतो. चाळीस वर्षं तो माझा हक्कच असल्यासारखा घोरत आलो.

त्या दिवशी पावणेआठ झाले तरी चहाचा पत्ता नाही म्हणून मी चिडून उठलो. लिहायला लाज वाटते, पण चिडलोच होतो. ही चटईवर पडलेली. डोळे उघडे. हाक मारली तर माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि नुसता आवाज आला. शब्द नाही. तोंडाची उजवी बाजू उतरलेली, उजवा हात उचलला तर धपकन खाली. मला वाटलं, अशक्तपणा असेल, साखर घालून चहा पाजू. कप तोंडाला लावणार तेवढ्यात पलीकडच्या खोलीतले मास्तर आत आले आणि त्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला. ‘‘पाजू नका काही! ठसका लागेल. आधी हॉस्पिटल!’’

मग मजला गोळा झाला. चौघांनी हिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवला. सगळी दारं उघडी होती, एक शेजारचं सोडून. ते आतून लावलेलं होतं. एवढ्या गडबडीतही मला ते दिसलं आणि मी मनात म्हटलं, बघा, माणुसकी म्हणून बाहेर यायला काय झालं होतं? टॅक्सी परळला पोहोचेपर्यंत मी हिचा डावा हात धरून होतो आणि डोक्यात त्या बंद दारावरचा राग होता. संकटातही माणूस काय काय सांभाळून ठेवतो!

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण आली. हिचे हातपाय तपासता तपासता तिने विचारलं, ‘‘काका, काकू शेवटच्या नीट कधी दिसल्या?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘नीट बोलताना, चालताना, कोणी आणि किती वाजता पाहिलं?’’

‘‘मी. काल रात्री अकराला, झोपताना.’’

तिचा चेहरा पडला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असणार, ती म्हणाली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा नीट दिसला तिथून, तो सापडला तिथून नाही. रात्री अकरा धरले तर साडेनऊ तास झाले होते. एमआरआय करून नुकसान किती जुनं आहे याचा अंदाज घेता येतो, पण मशीनवर दुसरा पेशंट होता आणि इथे मिनिटामिनिटाला मेंदू मरत होता. तिने हिला सीटी स्कॅनला पाठवलं आणि मला म्हणाली, ‘‘आठवा. त्यानंतर कोणीच नाही पाहिलं?’’

‘‘तिने पाणी भरलं होतं,’’ मी म्हटलं. ‘‘कळशा भरलेल्या होत्या.’’

‘‘भरलेली कळशी मला वेळ सांगत नाही, काका. माणूस हवा.’’

नळावर माणूस कोण असणार, हे मला तिथल्या तिथे कळलं. ग्रुपमध्ये नंबर शोधला. घाईत दोनदा भलतीकडेच फोन लागला. बाईंनी उचलला. मी नाव-गाव न सांगता सरळ विचारलं, ‘‘आज सकाळी हिला नळावर बघितलंत का?’’

 पलीकडून हळू आवाज आला, ‘‘मी नाय गेलंय नळावर.’’

खोटं होतं, ऐकताच कळलं. पाणी आल्यावर ही बाई घरात बसणं शक्य नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडलो असतो तर त्यांनी फोन ठेवला असता, आणि माझ्या बायकोची वाचा त्या फोनला टांगलेली होती. मी म्हटलं, ‘‘बाई, तुमच्या पाया पडतो. वेळ कळली तर तिला इंजेक्शन देता येईल. नाहीतर ती अशीच राहील.’’

त्या रडायलाच लागल्या. ‘‘आमचा भांडण झाला हो सकाळी. मोठा झाला. आता सगळे म्हणतील, हिनेच तिका आजारी पाडली. म्हणून मी दार लावून बसलंय.’’

डॉक्टरणीने माझ्या हातातून फोन घेऊन स्पीकरवर टाकला. ‘‘मावशी, भांडणाचं कोणी काही म्हणणार नाही. किती वाजले होते?’’

‘‘सहा वीस. पाणी गेला, माझा हंडो अर्धोच रवलो, तेव्हा मोबाईल बघितला.’’

‘‘त्या स्पष्ट बोलत होत्या?’’

‘‘स्पष्ट? तुझ्या सात पिढ्यांनी कधी रांग बघितली नसेल, म्हणाली! दोन्ही मजल्यांनी ऐकला.’’

‘‘उजवा हात?’’

‘‘उजव्या हातात भरलेली कळशी, आणि डाव्याने माझ्यावर बोट नाचवत होती. मग चालत गेली आणि दार आपटलान.’’

डॉक्टरीण कागदावर लिहिता लिहिता चक्क हसली. ‘‘मावशी, आम्हीसुद्धा इतकी चांगली तपासणी लिहीत नाही,’’ ती म्हणाली आणि धावत आत गेली. पावणेनऊ झाले होते.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. सव्वानऊच्या आत इंजेक्शन सुरू झालं. शिरेत औषध सोडून काढलेला दुसरा स्कॅन तिने मला पडद्यावर दाखवला. उजवीकडे फांद्या फुटलेल्या, डावीकडची एक मोठी वाहिनी मध्येच संपलेली. आयुष्यभर नकाशे पाहिले, पण असा पाहिला नव्हता. तिथली गुठळी नुसत्या इंजेक्शनने विरघळण्यासारखी नसल्यामुळे जांघेतून बारीक नळी घालून ती ओढून काढली. काढलेली गुठळी तांदळाच्या दाण्याएवढी होती. एवढ्याशा वस्तूने हिचं बोलणं, हात, माझी चाळीस वर्षं, सगळं धरून ठेवलं होतं. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि मोठ्याने रडलो, लोक बघत होते तरी.

संध्याकाळी हिची उजवी बोटं हलली. दुसऱ्या दिवशी शब्द अडखळत यायला लागले आणि तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे नीट निरखून बघत पहिलं अख्खं वाक्य टाकलं, ‘‘दाढी का नाही केलीत?’’ त्या डॉक्टरणीचे, नळी घालणाऱ्यांचे, स्ट्रेचर ढकलणाऱ्यांचे मी इतक्यांदा आभार मानले की शेवटी नर्सने मला कॅन्टीनमध्ये पाठवून दिलं. गुठळी कुठून आली, तेही कळलं. हृदयाचे ठोके अनियमित पडत होते आणि ती तिथेच तयार झाली होती. मी मुद्दाम विचारलं, भांडणामुळे? ‘‘नाही,’’ डॉक्टरीण म्हणाली. ‘‘भांडण झालं म्हणून आपल्याला वेळ कळली.’’

मधल्या एका दिवशी कपडे न्यायला मी चाळीत आलो. मजल्यावर व्हायचं ते झालंच होतं. बाईंना ज्याची भीती होती तेच, भांडून त्यांनीच हिला आजारी पाडलं असं, तोंडोतोंडी पसरलं होतं. नळावर त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं, आणि दार अजून लोटलेलंच. मी कडी वाजवली. त्यांनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आधी विचारलं, ‘‘माझ्यामुळे नाय ना हो झाला?’’

मी हळू बोलणारा माणूस. पण त्या दिवशी गॅलरीच्या मधोमध उभा राहून, सगळ्या उघड्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘‘तुमच्यामुळे ती बोलतेय, बाई. मी तिच्या शेजारी झोपलो होतो, आणि माझी बायको शेवटची नीट कधी होती हे मला सांगता आलं नाही. तुम्हाला आलं.’’